इलेक्ट्रिक गिटारमधील टोन नियंत्रण व अंतर्गत जोडणी

इलेक्ट्रिक गिटारमधील टोन नियंत्रण व अंतर्गत जोडणी म्हणजे पिकअपमध्ये निर्माण झालेला विद्युत संकेत ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्यापूर्वी गिटारच्या आतच त्याची तीव्रता व स्वरगुण बदलणारी यंत्रणा होय. पिकअप, व्हॉल्यूम व टोनचे पोटेन्शिओमीटर, कपॅसिटर, पिकअप निवडणारा स्विच आणि आउटपुट जॅक हे तिचे मुख्य घटक आहेत. बहुतेक गिटारमध्ये ही यंत्रणा निष्क्रिय असते, म्हणजे तिला बॅटरी लागत नाही. अशी यंत्रणा संकेतात नव्याने काही भर घालू शकत नाही. ती त्यातील काही वारंवारता कमी करते किंवा पिकअपच्या नैसर्गिक अनुस्पंदनाची जागा बदलते.

गिटारची केबल आणि ॲम्प्लिफायरचा पहिला टप्पा हेही विद्युतदृष्ट्या याच मंडलाचे भाग असतात. त्यामुळे एकच गिटार वेगळ्या लांबीच्या केबलने जोडल्यास तिचा आवाज बदललेला जाणवतो.

पिकअपचे कार्य

चुंबकीय पिकअपमध्ये स्थायी चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे दिलेले असतात. गिटारच्या पोलादी तारा या चुंबकामुळे चुंबकित होतात. तार कंप पावू लागली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरडेच्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. नायलॉनच्या तारा चुंबकित होत नसल्याने अशा पिकअपला त्यांचा आवाज टिपता येत नाही.

पिकअपला तीन विद्युत गुणधर्म असतात: तारेचा रोध, वेटोळ्याचे इंडक्टन्स आणि वेढ्यांमधील अल्प धारकता. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या पारंपरिक सिंगल कॉइल पिकअपचा रोध साधारणपणे ६ किलोओहमच्या आसपास, तर इंडक्टन्स २ ते ३ हेन्री असते. गिब्सनच्या पारंपरिक हंबकर पिकअपमध्ये रोध ७ ते ९ किलोओहम व इंडक्टन्स ४ ते ५ हेन्री आढळते. पिकअपची तुलना अनेकदा केवळ रोधाच्या आकड्यावरून केली जाते. स्वरगुणाच्या दृष्टीने मात्र इंडक्टन्स अधिक महत्त्वाचे आहे.

अनुस्पंदन शिखर

पिकअपचे इंडक्टन्स आणि मंडलातील एकूण धारकता मिळून एक अनुस्पंदी मंडल तयार होते. एका विशिष्ट वारंवारतेला संकेत उचलला जातो आणि त्यापुढील वारंवारता झपाट्याने क्षीण होत जातात. या उंचवट्याला अनुस्पंदन शिखर म्हणतात. शिखराची वारंवारता इंडक्टन्स व धारकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे धारकता चौपट झाली तर शिखर निम्म्या वारंवारतेवर येते.

सर्वसाधारण गिटार केबलची धारकता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. त्यामुळे ६ मीटर लांबीची केबल ३ मीटर केबलपेक्षा आवाज किंचित मंद करते. २.५ हेन्री इंडक्टन्सच्या पिकअपसाठी गणिताने मिळणारी शिखराची स्थाने पुढीलप्रमाणे आहेत:

| मंडलातील एकूण धारकता | शिखराची अंदाजे वारंवारता |
|---|---|
| ५०० पिकोफॅरड (केबल व पिकअप मिळून) | ४,५०० हर्ट्झ |
| १,००० पिकोफॅरड (लांब केबल) | ३,२०० हर्ट्झ |
| ०.०२२ मायक्रोफॅरड कपॅसिटर व केबल, टोन पूर्ण बंद | ६७० हर्ट्झ |
| ०.०४७ मायक्रोफॅरड कपॅसिटर व केबल, टोन पूर्ण बंद | ४६० हर्ट्झ |
| ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर व केबल, टोन पूर्ण बंद | ३२० हर्ट्झ |

प्रमाणित जुळणीत गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची मूळ वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ आणि सर्वांत बारीक मोकळ्या तारेची सुमारे ३३० हर्ट्झ असते. चोविसाव्या फ्रेटवरही ती १,३२० हर्ट्झच्या आसपासच राहते. अर्थात २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात घडणारे बदल मूळ स्वरावर नव्हे, तर त्यासोबत उमटणाऱ्या अधिस्वरांवर परिणाम करतात. तंबोऱ्याची जवारी लावताना षड्ज तोच राहतो, पण अधिस्वरांचे प्रमाण बदलून आवाज खुला किंवा बंद होतो. टोन नियंत्रणाचे कार्यक्षेत्रही हेच आहे, मात्र साधन यांत्रिक नसून विद्युतीय आहे.

पोटेन्शिओमीटर

पोटेन्शिओमीटर, बोलीभाषेत 'पॉट', हा तीन टोकांचा बदलता रोधक आहे. दोन बाहेरील टोकांमध्ये रोधक पट्टी असते आणि मधले टोक त्या पट्टीवरून सरकणाऱ्या स्पर्शकाला जोडलेले असते. व्हॉल्यूमसाठी पॉट विद्युतदाब विभाजक म्हणून वापरला जातो. टोनसाठी तो साध्या बदलत्या रोधकासारखा जोडतात.

नॉब पूर्ण उघडा असतानाही पॉटचा रोध पिकअपवर भार टाकतो आणि शिखराची उंची ठरवतो. सिंगल कॉइल गिटारमध्ये प्रथेने २५० किलोओहमचे, हंबकर गिटारमध्ये ५०० किलोओहमचे पॉट वापरतात. फेंडर जॅझमास्टर व जॅग्वार यांच्या मुख्य मंडलात १ मेगोहमचे पॉट आहेत. ॲम्प्लिफायरचा प्रवेश रोध १ मेगोहम धरल्यास २५० किलोओहमच्या एका व्हॉल्यूम व एका टोन पॉटचा उच्च वारंवारतेवरील एकत्रित भार सुमारे १११ किलोओहम, ५०० किलोओहमच्या जोडीचा सुमारे २०० किलोओहम आणि १ मेगोहमच्या जोडीचा सुमारे ३३३ किलोओहम येतो. भाराचा रोध जितका अधिक, तितके शिखर उंच व आवाज तेजस्वी. स्वभावतः मंद असलेल्या हंबकरला अधिक रोधाचे पॉट देण्याची प्रथा यातूनच आली.

पॉटच्या रोधाचा फिरण्याशी असलेला संबंध दोन प्रकारचा असतो. रेषीय पॉटमध्ये निम्म्या फिरण्याला निम्मा रोध मिळतो. लॉगरिथमिक पॉटमध्ये निम्म्या फिरण्याला एकूण रोधाच्या केवळ १० ते २० टक्के रोध येतो. मानवी कानाला तीव्रतेची जाणीव लॉगरिथमिक प्रमाणात होत असल्याने व्हॉल्यूमसाठी सहसा दुसरा प्रकार निवडतात. सामान्य पॉटच्या रोधात २० टक्क्यांपर्यंत तफावत चालवून घेतली जाते. ५०० किलोओहम छापलेला पॉट प्रत्यक्षात ४०० किंवा ६०० किलोओहमचा असू शकतो. एकाच नमुन्याच्या दोन गिटारींचा आवाज वेगळा येण्याचे हे एक कारण आहे.

टोन नियंत्रण

निष्क्रिय टोन नियंत्रणात एक पॉट आणि एक कपॅसिटर एकसर जोडून ती जोडी संकेत व भूसंपर्क यांच्यामध्ये ठेवतात. कपॅसिटरचा विरोध वारंवारता वाढेल तसा घटत जातो. त्यामुळे उच्च वारंवारतेचा संकेत त्याच्यातून भूसंपर्काकडे वळतो आणि खालचे स्वर ॲम्प्लिफायरकडे जातात. पॉटचा रोध किती संकेत वळेल हे ठरवतो.

नॉब फिरवताना आवाजात होणारा बदल सरळ नसतो. १० वरून साधारण ३ पर्यंत येताना मुख्यतः अनुस्पंदन शिखर बुटके होत जाते. त्याखाली वरच्या वारंवारता उघडपणे कापल्या जातात. पूर्ण बंद स्थितीत कपॅसिटर थेट पिकअपला समांतर येतो आणि वरील तक्त्यात दाखवल्याप्रमाणे शिखर मध्यम पट्टीत उतरते. म्हणून पूर्ण बंद टोनचा आवाज नुसता दबलेला नसून त्यात एक घुमारा ऐकू येतो. क्रीम या चमूत असताना एरिक क्लॅप्टनने हंबकर पिकअप, खाली आणलेला टोन व विकृतीपर्यंत चढवलेला ॲम्प्लिफायर यांतून घडवलेला गोलसर आवाज 'वुमन टोन' या नावाने ओळखला जातो. जॅझ वादकही टोन कमी ठेवून मृदू आवाज मिळवतात. टेलिकास्टर वाजवणारा रॉय ब्युकॅनन वाजवता वाजवता करंगळीने टोन नॉब फिरवून वाह-वाह पेडलसारखा परिणाम साधत असे.

*कपॅसिटरची निवड*

हंबकर गिटारमध्ये ०.०२२ मायक्रोफॅरड व सिंगल कॉइल गिटारमध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सामान्य आहे. १९५० च्या दशकातील स्ट्रॅटोकास्टरमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असे. नॉब १० वर असताना ही मूल्ये बदलल्याने आवाजात फारसा फरक पडत नाही. फरक नॉब तळाशी नेल्यावरच स्पष्ट होतो. टोन बंद केल्यावर आवाज अति घुसमटत असेल, तर लहान मूल्याचा कपॅसिटर बसवणे हा सोपा उपाय आहे.

कागद व तेल, पॉलिस्टर किंवा सिरॅमिक अशा निरनिराळ्या द्रव्यांचे कपॅसिटर वेगवेगळा स्वर देतात, असा समज वादकांमध्ये दृढ आहे आणि जुने कपॅसिटर त्यामुळे चढ्या किमतीला विकले जातात. गिटारच्या मंडलात विद्युतदाब साधारणतः एक व्होल्टच्या आत-बाहेर राहतो. या दाबाला कपॅसिटरचे प्रत्यक्ष मूल्य हाच निर्णायक घटक असतो. छापील मूल्य सारखे असलेल्या दोन कपॅसिटरांची प्रत्यक्ष धारकता मोजली असता बरीच वेगळी निघू शकते. त्यामुळे तुलना करण्यापूर्वी दोन्हींचे मापन करणे आवश्यक ठरते.

व्हॉल्यूम कमी करताना होणारी तीव्र स्वरांची घट

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज लहान होण्याबरोबर मंदही होतो. ५०० किलोओहमचा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर आणल्यास स्पर्शकापासून दिसणारा रोध सुमारे १२५ किलोओहम होतो. त्याच्यापुढे ५०० पिकोफॅरडची केबल असेल, तर या दोहोंची मिळून सुमारे २,५०० हर्ट्झपासून पुढचे स्वर गाळणारी चाळणी तयार होते.

यावर 'ट्रेबल ब्लीड' नावाचा उपाय करतात. पॉटच्या प्रवेश टोकापासून स्पर्शकापर्यंत साधारण ६८० ते १,००० पिकोफॅरडचा लहान कपॅसिटर जोडून तीव्र स्वरांना पर्यायी वाट दिली जाते. केवळ कपॅसिटर वापरल्यास कमी व्हॉल्यूमला आवाज पातळ व टोचरा होण्याची शक्यता असते. म्हणून त्याला १५० किलोओहमच्या आसपासचा रोधक समांतर किंवा एकसर जोडतात.

दुसरा मार्ग टोन मंडल कोठे जोडायचे याच्याशी संबंधित आहे. आधुनिक पद्धतीत ते व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडील टोकाला जोडतात. १९५० च्या दशकातील गिब्सन पद्धतीत ते स्पर्शकाला म्हणजे बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडलेले असे. या जुन्या जोडणीत व्हॉल्यूम कमी करूनही स्वच्छपणा बराच टिकतो. मात्र दोन्ही नॉब एकमेकांवर अधिक परिणाम करतात. वायरचे एक टोक हलवण्यापुरताच हा बदल असल्याने हौशी दुरुस्तीकारांमध्ये तो लोकप्रिय आहे.

पिकअपची निवड व परस्पर जोडणी

घोडीजवळचा पिकअप तारेच्या टोकालगत असल्याने अधिस्वर जास्त टिपतो आणि मानेजवळचा पिकअप मूळ स्वर अधिक भरीवपणे टिपतो. दोन पिकअप एकत्र जोडण्याचे मुख्य प्रकार असे:

* समांतर जोडणी: दोन सारख्या पिकअपचे एकत्रित इंडक्टन्स निम्मे होते, शिखर वर सरकते व आवाज स्वच्छ, मोकळा येतो. बहुतेक गिटारमध्ये स्विचच्या मधल्या स्थानी हीच जोडणी असते.
* एकसर जोडणी: इंडक्टन्स दुप्पट होते, शिखर खाली येते आणि आवाज मोठा व मध्यम पट्टीत जाड होतो.
* विरुद्ध कला: एका पिकअपची ध्रुवता उलटवल्यास दोन्हींत समान असलेले खालचे स्वर एकमेकांना रद्द करतात. उरणारा आवाज पातळ व नाकातला वाटतो. पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमधील एका पिकअपचा चुंबक उलटा असल्याने मधल्या स्थानावर असा आवाज मिळे. ही गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली.
* कॉइल स्प्लिट: हंबकरच्या दोन वेटोळ्यांपैकी एक भूसंपर्काला जोडून निकामी करतात. आवाज सिंगल कॉइलच्या जवळ जातो, पण तीव्रता घटते आणि घरघर रद्द होण्याचा लाभ जातो.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तिला तीन स्थानांचा स्विच होता. वादकांनी तो दोन स्थानांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपांचा एकत्र आवाज शोधून काढला आणि १९७७ मध्ये फेंडरने पाच स्थानांचा स्विच दिला. या मधल्या आवाजांना अनेकदा 'आउट ऑफ फेज' म्हटले जाते. वस्तुतः दोन्ही पिकअप समकला व समांतर असतात. त्या आवाजाचे वैशिष्ट्य पिकअप तारेच्या वेगवेगळ्या बिंदूंखाली असल्यामुळे येते.

ब्रायन मेने वडील हॅरॉल्ड यांच्यासह १९६३ पासून घरी बनवलेली 'रेड स्पेशल' ही वेगळ्या जोडणीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्यातील तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप एकसर जोडलेले असून प्रत्येकाला चालू-बंद करणारा व ध्रुवता उलटवणारा स्वतंत्र स्विच आहे.

ऐतिहासिक विकास

पहिल्या व्यावसायिक इलेक्ट्रिक गिटार १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आल्या. गिब्सनच्या १९३६ मधील ईएस-१५० मध्ये एक व्हॉल्यूम व एक टोन नॉब होता. फेंडर टेलिकास्टरच्या १९५० च्या दशकातील जोडणीत स्विचच्या एका स्थानी मानेजवळच्या पिकअपला कायमचा कपॅसिटर जोडलेला असे, ज्यामुळे बास गिटारसदृश खोल आवाज मिळे. दोन्ही पिकअप एकत्र वाजवण्याची सोय त्या जोडणीत नव्हती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती आजच्या रूपात आली.

१९५२ च्या लेस पॉलमध्ये प्रत्येक पिकअपला स्वतंत्र व्हॉल्यूम व टोन देण्यात आला. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी विकसित केलेला हंबकर १९५७ पासून या गिटारवर बसू लागला. स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ जोडणीत दोन टोन नॉब मान व मधल्या पिकअपसाठी असून घोडीजवळच्या पिकअपला टोन नियंत्रणच नव्हते. अनेक वादक दुसरा नॉब त्या पिकअपकडे वळवून घेतात.

१९५९ च्या गिब्सन ईएस-३४५ मधील 'व्हॅरिटोन' या सहा स्थानांच्या फिरत्या स्विचमध्ये इंडक्टर व कपॅसिटर एकत्र वापरून मधल्या पट्टीचा ठरावीक भाग कापण्याची सोय होती. १९६२ च्या जॅग्वारमध्ये कपॅसिटर संकेताच्या वाटेत एकसर टाकून खालचे स्वर कमी करणारा स्विच होता.

सक्रिय मंडले

सक्रिय मंडलात गिटारच्या आतच बॅटरीवर चालणारा लहान प्रवर्धक असतो. त्यामुळे स्वर कमी करण्याबरोबर वाढवताही येतात आणि प्रवर्धकाचा निर्गम रोध अल्प असल्याने केबलच्या लांबीचा परिणाम नगण्य होतो. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरे बासमुळे ही रचना लोकप्रिय झाली. ईएमजी कंपनीच्या सक्रिय पिकअपसोबत ९ व्होल्टची बॅटरी व २५ किलोओहमचे पॉट वापरतात. असे पिकअप २५० किंवा ५०० किलोओहमच्या पॉटला जोडल्यास नॉब नीट काम करत नाहीत. बहुतेक सक्रिय गिटारमध्ये केबल जॅकमध्ये घातल्याबरोबर बॅटरी चालू होते, म्हणून वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी लागते.

घरघर व आवरण

पिकअपचे वेटोळे तारेच्या कंपनांसोबत आसपासच्या ट्रान्सफॉर्मर व विजेच्या वायरिंगमधील चुंबकीय क्षेत्रही टिपते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ही घरघर ५० हर्ट्झ व तिच्या पटींत ऐकू येते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झवर असते. हंबकरमधील दोन वेटोळी व त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध ठेवलेले असल्याने बाहेरील घरघर रद्द होते आणि तारेचा संकेत मात्र जमा होतो.

विद्युत क्षेत्रामुळे येणारी भणभण वेगळी असते. नियंत्रणांच्या पोकळीला आतून तांब्याचा पत्रा किंवा वाहक रंग लावून तो भूसंपर्काला जोडल्यास ती घटते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणे हे सहसा बिघाडाचे नव्हे, तर तारा भूसंपर्काला जोडलेल्या असल्याचे लक्षण आहे.

सुरक्षितता

निष्क्रिय गिटारच्या मंडलातील विद्युतदाब निरुपद्रवी असतो. परंतु गिटारच्या तारा घोडीमार्फत केबलच्या आवरणाला, तेथून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आणि पुढे अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायर किंवा मायक्रोफोनच्या यंत्रणेचे अर्थिंग तुटलेले असल्यास एका हाताने तारा धरून दुसऱ्या हाताने किंवा ओठांनी मायक्रोफोनला स्पर्श करणारा वादक दोन वेगवेगळ्या विद्युतदाबांच्या मध्ये सापडतो. स्टोन द क्रोज या चमूचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे कार्यक्रमादरम्यान अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनच्या धक्क्याने मरण पावला.

म्हणून घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढणे किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालणे धोक्याचे आहे. उत्सवाचे मंडप व खुल्या रंगमंचांवर तात्पुरत्या वीजजोडणीचे अर्थिंग आधी तपासून घेणे आणि ३० मिलिॲम्पिअरला वीज तोडणारे संरक्षक उपकरण वापरणे हितावह ठरते. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये बंद केल्यावरही कपॅसिटरांत प्राणघातक दाब साठून राहू शकतो. त्यामुळे गिटारच्या आतील जोडणी घरी बदलणे सुरक्षित असले, तरी तोच अनुभव ॲम्प्लिफायर उघडण्यास पुरेसा नाही.

जोडणीत बदल करताना

बदल करण्यापूर्वी केबल काढून मूळ जोडणीचे छायाचित्र व आकृती करून ठेवतात. जुन्या गिटारचे मूळ भाग व मूळ डाख यांना संग्राहकांच्या दृष्टीने मूल्य असते. एका वेळी एकच बदल करून ऐकल्यास परिणामाचे कारण निश्चित करता येते. पॉटच्या पाठीवर भूसंपर्काची वायर डाखताना उष्णता फार वेळ दिल्यास आतील रोधक पट्टी खराब होते. नॉब फिरवताना होणारी खरखर बहुधा धूळ साचल्याने होते आणि संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने जाते.

हे सुद्धा पहा

* इलेक्ट्रिक गिटार
* पिकअप
* विद्युतचुंबकीय प्रवर्तन
* अनुस्पंदन
* तंबोरा